दरवर्षी त्याच दिवसांत तलावातले मासे का मरतात? कारण ओळखणे आणि उपाय

वळिवाचा पहिला मोठा पाऊस रात्री पडतो आणि सकाळी तलावाच्या काठाला दीड-दोन किलोचे काटले पोट वर करून लागलेले असतात. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात गावतलाव लिलावाने घेणाऱ्यांना आणि आपल्या कृषी होंडात (शेततळ्यात) माशांचं बीज सोडणाऱ्यांना हे चित्र अनोळखी नाही. हातातोंडाशी आलेला माल एका रात्रीत जातो. पहिला संशय येतो तो कुणीतरी विष टाकल्याचा.

कधीकधी तो खराही असतो. पण एकाच तलावात दरवर्षी त्याच दिवसांत मासे मरत असतील, तर बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. तो संपायची तयारी दोन-तीन महिने आधीपासून तलावातच चाललेली असते, पाऊस नुसता शेवटचा धक्का देतो. त्यामुळे मेलेले मासे उचलून श्रावणात पुन्हा बीज सोडलं की पुढच्या वैशाखात तेच घडतं.

आधी मेलेले मासे नीट बघा

सकाळी पहिल्या तासात जे दिसतं ते दुपारपर्यंत पुसलं जातं, म्हणून आधी ही पाहणी, मग बाकी सगळं.

कोणते मासे मेले ते बघा. प्राणवायू संपला असेल तर मोठे आधी मरतात, त्यातही काटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) सगळ्यांत आधी. रोहू, मृगळ त्यामागून. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी बराच वेळ तग धरतात. मरळ आणि मागूर वर येऊन थेट हवेतून श्वास घेतात, त्यामुळे ते जिवंत राहतात. मेलेल्या माशांची तोंडं उघडी आणि कल्ले फाकलेले असतात. घटना पहाटेची असते, आणि ऊन वर आलं की उरलेले मासे सावरतात.

कीटकनाशक आलं असेल तर लहान-मोठं असा भेद राहत नाही. झिंगे, पाण्यातले किडे, खेकडे माशांच्या आधी किंवा बरोबरीने मरतात, बेडूकमासे मरतात, मरळही वाचत नाही. मासे वेडेवाकडे, गिरक्या घेत पोहतात. वेळ दिवसाची कोणतीही असू शकते. म्हणून काठाजवळच्या गवतात हातजाळी फिरवून झिंगे आणि पाणकिडे जिवंत आहेत का ते बघा. मासे मेलेत आणि झिंगे उड्या मारताहेत, तर विषाचा संशय बहुतेक सोडून द्यायला हरकत नाही.

नुकत्याच मेलेल्या माशाचा कल्ला उचला. आतला रंग चॉकलेटसारखा तपकिरी असेल तर नायट्राइटची विषबाधा. तळ ढवळल्यावर सडक्या अंड्याचा वास आला तर गाळातला हायड्रोजन सल्फाइड. पाण्याला काकवीचा रंग, जळक्या मळीचा वास आणि फेस असेल तर ते पाणी वरच्या ओढ्यातून आलेलं आहे.

रात्री पाण्यात काय होतं

हिरवं पाणी म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. उन्हात ते प्राणवायू सोडतं, रात्री तोच खातं. गडद हिरव्या तलावात दुपारी तीनला विरघळलेला प्राणवायू १२ ते १५ मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसतो आणि त्याच तलावात पहाटे पाचला २. दुपारचा आकडा पाहून निर्धास्त राहणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. रात्रीच्या खर्चात माशांचा वाटा लहान असतो, मोठा वाटा शेवाळाचा आणि गाळातल्या जिवाणूंचा.

मापं लक्षात ठेवा. पहाटे प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मासे खातात आणि वाढतात. ३ च्या खाली खाणं सोडतात. १ च्या खाली काही तास राहिला की काटला-रोहूसारखे कार्प मासे मरू लागतात. बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर आहे. इथे २५ अंशांच्या पाण्यात हवेशी समतोल होऊन राहणारा प्राणवायू साधारण साडेसात मिलिग्रॅम, ३० अंशांना सातच्याही किंचित खाली. उन्हाळ्यात शिल्लक मुळातच कमी असते.

आता वळीव. एप्रिल-मे महिन्यांत दोन-तीन मीटर खोल पाण्यात वरचा थर तापलेला आणि हलका, तळचा थर थंड आणि जड. दोन्ही मिसळत नाहीत. तळच्या थरात प्राणवायू शून्याला टेकलेला असतो, अमोनिया आणि सल्फाइड साठलेले असतात. वादळी वारा आणि गारांचं थंड पाणी वरून आलं की हे दोन थर एका रात्रीत एक होतात. वरचा चांगला प्राणवायू तळची घाण जाळण्यात खर्च होतो. त्यात शेतातून पहिल्या पाण्याबरोबर शेण, पाचट, युरिया वाहून येतं. कृषी होंड तीन मीटर खोल, उभ्या काठांचा आणि वाऱ्याआड असतो, म्हणून तिथे हा धोका पसरट गावतलावापेक्षा जास्त.

दुसरी वेळ आषाढ-श्रावणातली. खानापूर बाजूला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, खातं मात्र तेवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेवाळ एकदम मरतं, पाणी हिरव्याचं तपकिरी-राखाडी होतं, आणि कुजणारं शेवाळ उरलेलाही प्राणवायू ओढून घेतं.

पहाटेचा आकडा रात्रीच काढा

बाजारात थेंबांची प्राणवायू तपासणी पेटी मिळते. बाटली पाण्याखाली बुडवून, बुडबुडा न राहता भरायची, पहिली दोन द्रावणं घालून बूच लावून उलटसुलट करायची. साका (पाण्यात तयार होऊन खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर प्राणवायू आहे, जितका गडद तितका जास्त. साका दुधासारखा पांढराच राहिला तर त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. पुढची टायट्रेशनची, म्हणजे थेंब मोजून आकडा काढायची, पायरी नीट जमली नाही तरी एवढं डोळ्यांनी कळतं. नमुना वरच्या फुटभर पाण्यातून न घेता दोरी लावलेल्या बाटलीने एक मीटर खोलीवरून घ्या.

ढगाळ दिवशी किंवा वळिवाचं वारं सुटलं की रात्री आठला एक आणि अकराला दुसरा आकडा घ्या. समजा आठला ८.० आणि अकराला ६.२ आला. तीन तासांत १.८ गेला, म्हणजे तासाला ०.६. सकाळी सहापर्यंत अजून सात तास, म्हणजे ४.२ जाणार. ६.२ मधून ४.२ गेले, उरले २.० आणि तेवढ्यावर काटला वर येणारच. ३ ची पातळी सव्वाचारच्या सुमारास गाठली जाईल, तेव्हा साडेतीनला पंप सुरू झाला पाहिजे. थ्री फेज वीज त्या वेळेला असते का, हे आदल्या दिवशीच बघा. नसेल तर डिझेल इंजिन भाड्याने आणून, तेल भरून, एकदा सुरू करून काठावर ठेवा.

पेटी नसेल तर निदान पाण्याची पारदर्शकता मोजा. वीस सेंटिमीटर व्यासाचं पत्र्याचं झाकण घ्या, त्याचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली दगड, वर दोरी, दोरीला पाच-पाच सेंटिमीटरवर गाठ. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मध्ये, सूर्याकडे पाठ करून पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. ३० ते ४५ सेंटिमीटर उत्तम. २० च्या खाली आणि पाणी हिरवं असेल तर तलाव धोक्याच्या काठावर उभा आहे असं समजा, त्या दिवसापासून शेण आणि खत पूर्ण बंद. पाणी मातीने गढूळ असेल तर हा नियम लागू नाही.

मासे वर तोंड काढून आ वासत असतील तर

१. खाद्य बंद. उपाशी मासा कमी प्राणवायू खातो. दोन दिवस न खाल्ल्याने काही बिघडत नाही.

२. तलावाचंच वरच्या थरातलं पाणी उचलून परत तलावात हवेतून पाडा. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणारं तोंड) तळाला नको, अर्ध्या मीटर खोलीवर डब्याला बांधून तरंगता ठेवा. तळचं पाणी वर ओढलं तर वळिवाने केलं असतं तेच आपण करतो. पाइपचं तोंड वर करून पाणी पत्र्यावर किंवा दगडांच्या ढिगावर आपटू द्या, जितके बारीक थेंब तितकं चांगलं.

३. सगळा तलाव वाचवायचा प्रयत्न करू नका. एक कोपरा धरा आणि सगळी हवा तिथेच द्या. मासे तिकडे येतात. पंप दर तासाला जागा बदलून फिरवला तर कुठलाच कोपरा सावरत नाही.

४. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडायचं असेल तर तेही पत्र्यावर आपटूनच. जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो.

५. ऊन वर येऊन मासे खाली जाईपर्यंत पंप थांबवू नका. पुढच्या तीन रात्री धोका तसाच राहतो.

६. मेलेले मासे त्याच दिवशी उचलून खड्ड्यात चुना घालून पुरा. विषाचा जराही संशय असेल तर ते विकायचे नाहीत, खायचे नाहीत, कुत्र्यालाही घालायचे नाहीत.

पोटॅशियम परमँगनेट टाकून प्राणवायू वाढतो असा समज सगळीकडे आहे. तो वाढत नाही, उलट जास्त मात्रेने शेवाळ मरतं आणि दुसऱ्या रात्री अवस्था आणखी वाईट होते. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) तर विचारूच नका. द्राक्षबागेत हाताशी असतं म्हणून हिरव्या पाण्यात फवारलं जातं, शेवाळ दोन दिवसांत मरतं आणि तिसऱ्या पहाटे मासे. पाण्याची अल्कता (आम्लाला तोंड देणाऱ्या, चुन्यासारख्या क्षारांचं प्रमाण) लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तांबं स्वतःच माशांना मारतं. खानापूरच्या मऊ पाण्यात मोरचूद कधीही घालू नये.

पाणी किती आहे ते आधी काढा

कुठलीही मात्रा अंदाजाने घातली जाते, तिथेच नुकसान होतं. हिशेब सोपा आहे: एक गुंठा पाणी एक मीटर खोल म्हणजे जवळजवळ एक लाख लिटर. एक लाख लिटरमध्ये १ मिलिग्रॅम प्रतिलिटर मात्रा म्हणजे १०० ग्रॅम. दहा गुंठ्यांचा, सरासरी दीड मीटर खोल तलाव पंधरा लाख लिटरचा. सरासरी खोली काढताना दहा ठिकाणी वेळू बुडवून बघा, मधल्या एका खोलीवर जाऊ नका.

उदाहरण नायट्राइटचं घेऊ. समजा नायट्राइटच्या तपासणी पेटीत आकडा लिटरला २ मिलिग्रॅम आला. माशाला वाचवायला पाण्यात क्लोराइड त्याच्या दहापट, म्हणजे २० हवं. मिठात क्लोराइड सुमारे ६० टक्के, म्हणून मीठ ३३ मिलिग्रॅम प्रतिलिटर. एका लाख लिटरला ३.३ किलो, पंधरा लाखांना पन्नास किलोचं एक पोतं. जाडं मीठ पाण्यात विरघळवून काठाने चारी बाजूंनी ओतायचं. काळ्या मातीच्या भागात पाण्यात क्लोराइड बहुधा आधीच पुरेसं असतं, तेव्हा आधी तपासा.

तांबडी माती, काळी माती

एकाच जिल्ह्यात दोन वेगळी पाणी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो.

खानापूर, कणकुंबी, जांबोटीच्या जांभ्या मातीतलं पाणी मऊ आणि आम्लाकडे झुकलेलं. अल्कता २० च्या खाली असली की सामू (पीएच) धरून ठेवणारं काहीच नसतं, तो पहाटे ६ आणि दुपारी साडेनऊ असा झोके खातो. मासे मरत नाहीत पण वाढत नाहीत, खत घालूनही पाणी हिरवं होत नाही. इथे चुनखडीची पूड, म्हणजे शेतीचा चुना, गुंठ्याला २० किलो, बीज सोडण्याआधी महिनाभर तळावर पसरायची. कागदावर अल्कता २० ने वाढवायला मीटरभर पाण्याला २ किलोच पुरतात, पण तळची आम्ल माती बाकीचा खाऊन टाकते. पाण्यात मासे असताना कळीचा चुना टाकू नका. त्याने सामू एका तासात अकरापर्यंत जाऊ शकतो. कळीचा चुना फक्त सुकवलेल्या तळासाठी, निर्जंतुकीकरणाला, गुंठ्याला १० किलो.

चिकोडी, अथणी, रायबागच्या काळ्या मातीत उलट. सामू आधीच आठ-साडेआठ, चुन्याची गरज नाही. तिथला शत्रू अमोनिया. पेटी दाखवते तो एकूण अमोनिया असतो, त्यातला विषारी भाग सामूवर ठरतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर शेकडा अर्ध्याच्या आसपास, ८ असेल तर पाच, ९ असेल तर छत्तीस. पेटीतला तोच १ मिलिग्रॅमचा आकडा खानापुरात सकाळी निरुपद्रवी आणि अथणीत दुपारी चारला जीवघेणा असतो. म्हणून अमोनिया आणि सामू दोन्ही एकाच वेळी, दुपारी मोजा. विषारी भाग ०.०५ च्या वर राहत असेल तर खाद्य अर्ध्यावर आणा, युरिया बंद करा, आणि शक्य असेल तर पाण्याचा पाचवा हिस्सा बदला.

वरून येणारं पाणी

ऊस गाळपाच्या हंगामात ओढ्याला मळीमिश्रित पाणी आलं तर ते तलावात शिरण्याआधी अडवणं हाच उपाय. डिस्टिलरीच्या कच्च्या सांडपाण्याची प्राणवायूची भूक लिटरमागे हजारो मिलिग्रॅमची असते, तलावाजवळ द्यायला सात-आठच असतात. असं पाणी एकदा आत आल्यावर पंपाने सावरत नाही. प्रवेशाच्या चरीला फळ्यांचा दरवाजा बसवा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.

तक्रार करायची असेल तर नमुना त्याच तासात घ्या: प्रवेशाच्या वर ओढ्यात, प्रवेशाजवळ आणि तलावाच्या मध्ये, असे तीन. दोन लिटरचे स्वच्छ कॅन काठोकाठ भरून बर्फात, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत. कीटकनाशकाचा संशय असेल तर काचेची तपकिरी बाटली, आणि सोबत नुकताच मेलेला, कल्ला अजून लाल असलेला मासा बर्फात. फुगलेल्या माशातून काही सिद्ध होत नाही. बेळगावात कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, तारीख, वेळ, फोटो जोडा आणि पोच घ्या. एक प्रत मीनुगारिके इलाख्यात, म्हणजे मत्स्य खात्यात द्या.

शेजारच्या उसात हुमणीसाठी क्लोरपायरीफॉस, कोबीवर सायपरमेथ्रिन असे प्रकार तलावाच्या उताराला चालू असतात. फवाऱ्याचा पंप तलावात धुऊ देऊ नका, एवढं तरी गावात बोलून ठरवा. तलाव आणि शेत यांच्यामध्ये पाच मीटर गवताचा पट्टा, त्यात वाळा किंवा हत्तीगवत, राखला तर पहिल्या पावसाची बरीचशी माती आणि खत तिथेच अडतं.

गणपतीनंतर लहान तलावात मासे मरतात ते मुख्यत्वे निर्माल्य कुजल्याने. विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी निर्माल्य बाहेर काढलं तर तो प्रसंग टळतो. मूर्तीवरच्या रंगातले जड धातू मात्र गाळात साठत राहतात.

मासे मरत नाहीत, पण माल घटत चाललाय

ही तक्रार मरतुकीइतकीच गंभीर आहे, फक्त ती हळू येते. जाळ्यात काटला-रोहू कमी आणि बोटाएवढी चिलापी जास्त दिसू लागली, की पाणी बिघडत चालल्याचं समजा. कमी प्राणवायू सोसणारे उरतात, बाकीचे मागे पडतात. चिलापी वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि दाटी होऊन खुजी राहते. दर ओढीला जातवार वजन वहीत लिहा. तीन वर्षांची वही कुठल्याही पेटीपेक्षा जास्त सांगते.

मुळाशी तीनच गोष्टी असतात. पहिली गाळ. तो फुटाहून जाड झाला की दर वळिवाला तोच प्राणवायू खाणार. मे महिन्यात तलाव आटला की वरचा मऊ काळा थर काढून उसाच्या फडात टाका, त्याला शेतकरी ना म्हणत नाहीत, आणि तळाला भेगा पडेपर्यंत ऊन द्या. दुसरी दाटी. हवा देणारं यंत्र नसेल तर गुंठ्याला ५० बोटुकलीच (बोटाएवढी पिल्लं), एकरी दोन हजार: शंभरात काटला चाळीस, रोहू तीस, मृगळ तीस. आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा लहान बीज घेऊ नका. तिसरी शेण. वर्षाला गुंठ्याला १०० किलोवर जाऊ नका, त्यातलं २० किलो बीजाच्या पंधरा दिवस आधी, उरलेलं दर पंधरवड्याला थोडं थोडं, तेही रंगवलेलं झाकण २५ सेंटिमीटरच्या पुढेही दिसत असेल तरच. कोंडा आणि शेंगपेंड समभाग, माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के. ढगाळ दिवशी निम्मं, आणि पहाटे मासे वर दिसले तर काहीच नाही.

मरतूक होऊन गेल्यावर लगेच नवं बीज सोडू नका. पाण्यात दोन बाय एक मीटरचा हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधा, त्यात दहा बोटुकली सोडा, खाद्य न घालता अठ्ठेचाळीस तास ठेवा. दोन्ही पहाटे प्राणवायू मोजा. दहापैकी नऊ जिवंत आणि आकडा ४ च्या वर असेल तर बीजाची गाडी सांगा. नसेल तर पंधरा दिवसांनी तोच हापा पुन्हा बांधा.